चिप टायमिंग की फोटो फिनिश? नोकरी सांभाळून यात उतरणाऱ्यांसाठी

शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरी आणि डोक्यात अॅथलेटिक्सच्या टायमिंगचं खूळ, अशी पोरं कोल्हापुरात आता दिसायला लागलीत आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, सुरुवात चिपनं करू (पळणाऱ्याच्या अंगावरच्या टॅगवरून वेळ घेणं) की फोटो फिनिशनं (फिनिश लाइनवरच्या कॅमेऱ्याच्या चित्रावरून)? मी दोन्ही केलंय, आता एकाकडे जास्त झुकलोय, त्यामुळं थोडं हातचं राखून वाचा.

स्टॉपवॉच या तुलनेत घेत नाही, ते दोन्हीकडच्यांना आलंच पाहिजे. आवाजावर नाही तर शर्यत सोडणाऱ्या गनच्या धुरावर बटण दाबायचं, कारण १०० मीटरवरून आवाज यायला पाव सेकंदाच्या वर जातो. तीन घड्याळांत तीन वेगळ्या वेळा आल्या तर मधली धरायची, आणि ११.०१ दिसलं तरी ११.१ लिहायचं.

चिपची बाजू आधी, कारण पोटापाण्याच्या हिशोबात ती वरचढच आहे. रस्त्यावरच्या शर्यती रविवारी पहाटे असतात, म्हणजे रजा टाकायला नको. मॅट अंथरा, टॅग वाचणारा रीडर लावा, बिबच्या (छातीवर लावायच्या नंबराच्या) मागे टॅग, आणि हजार माणसं गेली तरी वेळा आपोआप पडत राहतात. पोलीस भरतीच्या १६०० मीटरलासुद्धा चिप वापरतात, तिथं सेकंदावर मार्क असतात त्यामुळं पोरं याकडे लई गांभीर्यानं बघतात. शिकायला सोपं आहे, नेटवर्किंग आणि एक्सेल येणाऱ्याला फार वेळ लागत नाही.

फोटो फिनिशचं उलट. शालेय आणि विद्यापीठाच्या स्पर्धा बहुतेक आठवड्याच्या मधल्या वारी, म्हणजे साहेबाकडे रजेसाठी तोंड वेंगाडायचं. कॅमेरा लाखांत जातो त्यामुळं स्वतःचा घेण्याचा विचार पहिल्या दिवशी करूच नका. आणि बरोबर फिनिश लाइनच्या रेषेत, उंचावर, तो बसवता बसवताच सकाळ जाते. मातीच्या मैदानावर चुन्याची रेघ चार हीट (प्राथमिक फेऱ्या) झाल्या की पुसट होते, संध्याकाळी ऊन उतरलं की चित्र काळं पडायला लागतं. स्पर्धेआधी झीरो टेस्ट असते, म्हणजे गन कॅमेऱ्यासमोर उडवून सिस्टीमचं घड्याळ खरंच त्याच क्षणी सुरू होतंय का हे बघायचं, एक हजारांश सेकंदापेक्षा जास्त फरक चालत नाही. हे सगळं उरकेपर्यंत पीटीचे सर दोनदा येऊन "सुरू करायचं का?" विचारून जातात.

आता मला ज्यानं वैताग आणला ते. चिपच्या शर्यतीत शेवटचा माणूस आत आला की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. पळणाऱ्यांचे फोन येतात, "मी पळालोय, माझं नावच नाही." कारण काय तर बिब दुमडलेलं, नाहीतर वर जॅकेट घातलेलं, नाहीतर पिन बरोबर टॅगमधून आरपार. हे टॅग अंगाला चिकटले, घामानं भिजले की रीडरला दिसत नाहीत, माणसाच्या शरीरातलं पाणीच सिग्नल खाऊन टाकतं. मग तुमच्याकडे काय असतं, तर एक रिकामी ओळ. बॅकअप व्हिडिओ असतो, पण सगळ्यांनी आयोजकांचा तोच टी-शर्ट घातलेला, त्यात त्याला शोधत रविवारची दुपार जाते, घरी मटणाचं जेवण गार. आणि बायकोचं बिब लावून पळालेला गडी महिला गटात पहिला येतो ते वेगळंच, चिपला काय, तिला मिशा दिसत नाहीत. प्रत्येक फोनवर मी सांगणार, समोरचा ऐकणार नाही, कारण दाखवायला काहीच नसतं.

फोटो फिनिशला भांडण होत नाही असं नाही, पण मिटतं. तो कॅमेरा फक्त रेषेवरची एक उभी चीर सेकंदाला हजार-दोन हजार वेळा टिपतो आणि त्या चिरा शेजारी शेजारी लावतो, म्हणून चित्रात डावी-उजवीकडे जागा नसते, वेळ असते, आणि रेषेवर टेकलेला पाय लांबलचक दिसतो. कर्सर छातीवर आणायचा. डोकं, मान, हात, पाय काही मोजायचं नाही, फक्त धड. कोच तावातावानं आला की स्क्रीन त्याच्याकडे फिरवायची, तो बघतो, "बरं" म्हणतो आणि जातो. हे सुख मला दुसरीकडे मिळालं नाही, कदाचित माझा स्वभाव तसा असेल.

तसंही ट्रॅकवरच्या १०० मीटरला चिपवर निकाल लागत नाही. अॅथलेटिक्सच्या नियमांत चिप रोड, क्रॉस कंट्री, स्टेडियमबाहेरच्या चालण्याच्या शर्यती अशांसाठी आहे आणि तिथं वेळ वरच्या पूर्ण सेकंदात धरतात, ट्रॅकवर १०,००० मीटरपर्यंत शंभरांश सेकंद लागतो. पुढं जायचं म्हणाल तर वर्ल्ड अॅथलेटिक्स या जागतिक संघटनेत फोटो फिनिश जजचं वेगळं आंतरराष्ट्रीय पॅनल आहे, लांबचं आहे पण वाट तरी दिसते.

ज्याला महिन्याला चार पैसे लगेच हवेत आणि रजा मिळत नाही त्यानं चिपच धरावी, त्यात काही कमीपणा नाही. बाकीच्यांनी जिल्हा अॅथलेटिक्स संघटनेत जाऊन पंच परीक्षेची चौकशी करावी आणि पुढच्या स्पर्धेला कॅमेरावाल्याच्या शेजारी बसायला परवानगी मागावी. पहिल्यांदा केबल उचलायला आणि लेनप्रमाणे स्टार्ट लिस्ट टाइप करायलाच लावतील, ते मन लावून करा, कारण लेन चार आणि पाचची नावं उलटी पडली तर कॅमेरा कितीही भारी असू दे, मेडल चुकीच्या पोराच्या गळ्यात जातं. मी अजून चिपची कामं घेतो. फक्त त्याच तारखेला ट्रॅकवर स्पर्धा नसेल तर.