जीडीबी, आठ महिन्यांनंतर: मेनच्या आधीच मरणारा प्रोग्रॅम

आमचा प्रोग्रॅम वजनकाट्याचे आकडे वाचून सर्व्हरला पाठवतो. लिहितो मी कोथरूडला घरी, जुन्या इंटेल मॅकबुकवर. चालतो भोसरीच्या शेडमध्ये, रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर. दोन्हीकडे एकच डीबगर (चालता प्रोग्रॅम थांबवून चूक शोधायचं साधन) हवा म्हणून गणपती उठल्यावर जीडीबी धरला.

मॅकवर पहिल्याच दिवशी खोडा. रन म्हटलं की मेनपर्यंत, म्हणजे आपला कोड जिथून सुरू होतो त्या फंक्शनपर्यंत, पोचायच्या आत ‘अननोन सिग्नल’ आणि खेळ खलास. मॅकने जीडीबीवर विश्वास ठेवावा म्हणून किचेनमध्ये सर्टिफिकेट बनवून त्यावर डिजिटल सही (कोडसाइन) करायचं दिव्य आधीच पार पाडलं होतं (होमब्रू या इन्स्टॉलरने जीडीबी अपग्रेड केला की सही पुन्हा करावी लागते, हा वेगळा ताप). मूळ दुखणं निराळंच निघालं. जीडीबी प्रोग्रॅम थेट सुरू करत नाही, शेलमार्फत (टर्मिनलमधले हुकूम चालवणारा प्रोग्रॅम) करतो. आणि 2016 च्या सिएरापासून मॅकओएस आपल्या संरक्षित शेलला डीबगरचा हात लागू देत नाही. होम फोल्डरमधल्या डॉट जीडीबीइनिट या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘सेट स्टार्टअप-विथ-शेल ऑफ’ टाकलं आणि गाडी चालू झाली.

पण शेल गेला की त्याची कामंही जातात. रनपुढे लेस दॅनची खूण (<) देऊन कीबोर्डऐवजी नमुन्याची फाइल जोडली, तर प्रोग्रॅम ढिम्म. दोन चहा झाले. शेवटी आर्गसी, म्हणजे आर्ग्युमेंटची संख्या, छापून पाहिला: प्रोग्रॅमचं नाव धरून 3! ती खूण आणि फाइलचं नाव, दोन्ही आर्ग्युमेंट म्हणून आत पोचली होती आणि प्रोग्रॅम बिचारा कीबोर्डकडे डोळे लावून बसला होता.

पायवर वेगळीच तऱ्हा. सुरू होताच सिगइल (प्रोसेसरला न कळणारी सूचना आल्याचा सिग्नल), तोही ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या आत. ही लायब्ररी मेनच्या आधीच काही खास सूचना मुद्दाम चालवून बघते. प्रोसेसरला जमलं नाही तर येणारा सिग्नल स्वतःच झेलते आणि पुढे जाते. म्हणजे क्रॅश नव्हताच, जीडीबी मध्येच थांबत होता. ‘हँडल सिगइल नोस्टॉप नोप्रिंट पास’ (थांबू नको, छापू नको, प्रोग्रॅमकडे जाऊ दे) ही ओळ पायवरच्या होममधल्या डॉट जीडीबीइनिटमध्ये टाकली आणि विसरलो.

ते विसरणं फेब्रुवारीत अंगाशी आलं. पाय 4 वर, तिथल्याच प्रोसेसरसाठी बांधलेला प्रोग्रॅम मी शेडमधल्या जुन्या पाय 2 वर चढवला. या वेळी सिगइल खरा होता. जीडीबीने माझ्याच हुकमाप्रमाणे तो जाऊ दिला, प्रोग्रॅम मेला, आणि कुठे मेला ते बघायला बीटी (बॅकट्रेस) मारल्यावर उत्तर: ‘नो स्टॅक’. मागे सुपरवायझर, “साहेब, दोन टेम्पो काट्यावर उभे आहेत, अजून किती वेळ?” ती ओळ आठवायला मला दुपार लागली.

आता ती सूट फक्त मेनपर्यंत. होममधली ओळ काढून प्रोजेक्टच्या फोल्डरमधल्या जीडीबीइनिटमध्ये हलवली, तिच्याखाली ‘टीब्रेक मेन’ (मेनवर एकदाच थांब), आणि त्याच्या कमांड्समध्ये ‘हँडल सिगइल स्टॉप प्रिंट’ व ‘कंटिन्यू’. त्या फोल्डरला ‘ॲड-ऑटो-लोड-सेफ-पाथ’ने परवानगी द्यावी लागते, नाहीतर जीडीबी नुसता इशारा देऊन फाइल सोडून देतो. तेव्हापासून नाटकी सिगइल गपचूप जातो, खरा आला की थांबतो.

पायवर जीडीबी सोडणार नाही. मॅकवर मात्र या महिन्यात सोडला. नवं मशीन ॲपलच्या एम मालिकेच्या चिपचं आहे आणि तिथे जीडीबीने स्थानिक डीबगिंग होत नाही. तिथे आता एलएलडीबी हा दुसरा डीबगर; त्याचा डीबगसर्व्हर ॲपलच्या एक्सकोडबरोबर सही करूनच येतो, सर्टिफिकेटची कटकट नाही. बोटं अजून जुन्याच सवयीची आहेत, पण बीटी दोन्हीकडे बीटीच.