केमोथेरपीपूर्वी वीर्य, नंतर भ्रूण: गोठवून ठेवण्याच्या सेवेचा आमचा अनुभव

माझ्या पतींना हॉजकिन लिम्फोमाचे निदान झाले, तेव्हा केमोथेरपीपूर्वी वीर्य गोठवून ठेवावे, असे कर्करोगतज्ज्ञांनीच सुचवले. त्यामुळे उपचार लांबतील अशी आम्हाला भीती होती. परंतु एचआयव्ही, हेपॅटायटिस आणि सिफिलिसच्या रक्तचाचण्या व नमुने देणे एवढे उरकून केमो ठरल्या तारखेलाच सुरू झाली. गोठवलेले वीर्य वितळवल्यावर हालचाल करणाऱ्या शुक्राणूंची संख्या घटते. तरीही इक्सी पद्धतीत प्रत्येक बीजांडात एकच शुक्राणू सोडला जात असल्याने आमचे नमुने पुरेसे ठरले.

पुढे याच नमुन्यांपासून भ्रूण तयार झाले. बीजांडे वाढवण्यासाठीच्या इंजेक्शनांमुळे माझे बीजांडकोश फार सुजण्याचा धोका दिसत होता, म्हणून डॉक्टरांनी लगेच ट्रान्सफर न करता, म्हणजे भ्रूण गर्भाशयात न सोडता, सर्व भ्रूण पाचव्या दिवशी व्हिट्रिफिकेशनने गोठवले. या पद्धतीत संरक्षक द्रावणाच्या साहाय्याने पेशींतील बरेचसे पाणी काढून घेतात आणि भ्रूण उणे 196 अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये क्षणार्धात बुडवतात, त्यामुळे इजा करणारे बर्फाचे स्फटिक तयार होत नाहीत. एका स्ट्रॉमध्ये (भ्रूण साठवण्याच्या बारीक नळीत) एकच भ्रूण ठेवण्याची विनंती आम्ही केली होती आणि ती मान्य झाली. एकापेक्षा अधिक असते, तर गरज नसतानाही ते एकत्र वितळवावे लागले असते.

‘लाइट गेली तर काय?’ हा सासूबाईंचा प्रश्न मला अत्यंत रास्त वाटला. टाकीतील थंडावा विजेवर अवलंबून नसतो. मात्र नायट्रोजन सतत उडून जात असल्याने तो वेळोवेळी भरावा लागतो. एम्ब्रियॉलॉजिस्टनी (लॅबमधील भ्रूणतज्ज्ञांनी) त्याची नोंदवही आम्हाला मोकळेपणाने दाखवली.

लॅबविषयी माझी तक्रार नाही, कार्यालयाविषयी आहे. साठवणुकीचे वार्षिक शुल्क पॅकेजमध्ये नाही, हे भ्रूण गोठवून झाल्यावर कळले. पतीचा मृत्यू किंवा घटस्फोट झाल्यास भ्रूणांचे काय करायचे, हे ठरवणारे संमतीपत्र रिसेप्शनवर, इतर रुग्णांसमोर, सहीसाठी पुढे करण्यात आले. कर्करोगातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसाने ते उभ्या-उभ्या भरावे, ही अपेक्षा मला असंवेदनशील वाटली. आम्ही ते घरी आणले आणि रात्री शांतपणे बोलून भरले. 2021च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे ठेवता येतात; त्यानंतर ते नष्ट होऊ द्यायचे की संशोधनासाठी द्यायचे, यासाठी जोडप्याची संमती लागते. हे समुपदेशकाने समोर बसवून सांगायला हवे होते.

पहिला भ्रूण रुजला नाही, त्यानंतरचा रुजला. उर्वरित भ्रूण आम्ही याच केंद्रात ठेवले असून, नूतनीकरणाच्या पावतीवर स्ट्रॉची संख्या आणि मुदत लिहून घेतली आहे.