जुना कंट्रोलर बदलताना ‘लाइफटाइम सॉफ्टवेअर’च्या नावाखाली माझी फसवणूक झाली

लग्नसराई जवळ आली की आपल्या डीजे लाइनमधली पोरं मशीन बदलायला निघतात, आणि फसवणारे नेमके त्याच दिवसांची वाट बघत असतात. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. पण पद्धत पूर्ण लिहितो. नाव बदलेल, गाव बदलेल, पद्धत हीच राहील.

माझ्याकडे पायोनियरचा डीडीजे-एसबी3 होता. हा डीजे कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपला जोडून गाणी मिक्स करायचं मशीन. दोन चॅनलचा, हलका, यूएसबीवरच चालणारा. कराड आणि आजूबाजूच्या गावांत हळद, साखरपुडा, वाढदिवस अशा ऑर्डरी मी त्यावरच वाजवल्या. अडचण दोन ठिकाणी होती. एक म्हणजे त्याच्यासोबत सेरातो डीजे लाइट मिळतं, म्हणजे लॅपटॉपवर गाणी वाजवायच्या सेरातो सॉफ्टवेअरची साधी आवृत्ती. प्रो हवं असेल तर वेगळे पैसे भरावे लागतात, आणि लाइटमध्ये रेकॉर्डिंग होत नाही. दुसरी अडचण आउटपुटची. मास्टर, म्हणजे स्पीकरकडे जाणारा मुख्य आवाज, फक्त आरसीएवर, म्हणजे साध्या लाल-पांढऱ्या पिनांवर. मंडपात मिक्सर लांब असला आणि शेजारी जनरेटर असला की लांब आरसीए वायरीतून घरघर यायचीच. तीन पिनांचं एक्सएलआर बॅलन्स्ड असतं, लांब वायरीत घुसलेला आवाज पुढच्या टोकाला कापला जातो. म्हणून मला डीडीजे-एसएक्स2 हवा होता: चार चॅनल, मास्टरला एक्सएलआर, बूथ (डीजेजवळच्या स्पीकरचं आउटपुट) वेगळा. 2014 चं मॉडेल आहे, त्यामुळे जुनाच घ्यावा लागणार हे ठरलेलं होतं.

दुकानदार गोड बोलणारा. मी एसबी3 काउंटरवर ठेवला आणि त्याचं पहिलं वाक्य होतं, “शेठ, यावर स्टेम्स चालत नाही. आता पब्लिकला गाण्यातून आवाज काढून पाहिजे असतो. मशीन बदलल्याशिवाय धंदा नाही.” हे धादांत खोटं आहे. गाण्यातला गायकाचा आवाज, ढोल, बेस वेगळा करायचं काम सॉफ्टवेअर करतं, आणि त्याचा सगळा भार लॅपटॉपच्या प्रोसेसरवर पडतो. सेरातोमध्ये ही सोय 2022 च्या डिसेंबरात 3.0 आवृत्तीबरोबर आली, व्हर्च्युअल डीजे या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच्याही आधीपासून आहे. लॅपटॉप जुना असेल तर लाखाचा कंट्रोलर लावूनही स्टेम्स अडकतच वाजणार. कुणी फक्त स्टेम्ससाठी मशीन बदलायला सांगत असेल तर तो माल खपवतोय, एवढं समजा.

मग त्याने एसएक्स2 दाखवला. टेबलावर आधीच जोडून ठेवलेला, पॅडवर रंगीत दिवे पळतायत, जॉगच्या, म्हणजे हाताने फिरवायच्या तबकडीच्या, मधोमध गोल फिरतंय. बघणाऱ्याला वाटतं मशीन टकाटक आहे. त्या दिव्यांचं सांगतो. पायोनियरच्या या कंट्रोलरना काही वेळ हात लावला नाही की ते आपोआप डेमो मोडमध्ये जातात आणि सगळे दिवे नाचायला लागतात. त्यावरून करंट पोचतोय एवढंच कळतं. आतलं साउंड कार्ड, फेडर, आउटपुट यांच्याबद्दल काहीच कळत नाही.

मी वाजवून दाखवायला सांगितलं. त्याने स्वतःच्याच लॅपटॉपवर व्हर्च्युअल डीजे उघडलं आणि गाणं लावलं. आवाज स्वच्छ होता, दोन्ही स्पीकर वाजत होते, क्रॉसफेडर (एका गाण्यावरून दुसऱ्यावर न्यायची सरकती पट्टी) चालत होता. पण स्पीकरची पिन लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात होती. मी विचारलं तर म्हणाला, “दुकानात एक्सएलआर केबल नाही ओ, डेमोला हेच ठेवतो.” व्हर्च्युअल डीजेमध्ये आवाज कुठल्या कार्डातून काढायचा ते आपल्याला निवडता येतं. त्याने लॅपटॉपचं कार्ड निवडलं होतं. कंट्रोलर नुसती बटणं आणि फेडरचे इशारे पाठवत होता, त्याच्या आतून आवाज एकदाही गेलाच नाही. एक्सएलआरची डावी बाजू मेलेली होती हे मला पुढे कळलं, आणि ती लपवण्यासाठीच हा सगळा थाट होता.

हिशेब असा ठरला: एसएक्स2 चे 48,000, त्यातून माझ्या एसबी3 चे 13,000 वजा, राहिले 35,000. पैसे काढताना तो म्हणाला, “आणि सेरातो प्रोची लाइफटाइम की घ्या, 9,000. त्याशिवाय हे मशीन लाइटमध्येच उघडतं.” एकूण 44,000 गेले.

इथेच खरी लूट आहे. डीडीजे-एसएक्स2 जोडला की सेरातो डीजे प्रो आपोआप खुलतं. परवाना मशीनमध्येच आहे. कंपनीच्या साइटवरून सॉफ्टवेअर फुकट उतरवायचं, फुकट खातं काढायचं, वायर जोडायची, संपलं. ट्रॅक्टर विकताना किल्लीचे वेगळे पैसे लावावेत, तसा हा प्रकार. एसबी3 ला प्रोचे पैसे लागतात हे मला माहीत होतं, आणि त्याने नेमकी तीच माहिती एसएक्स2 ला चिकटवली. अर्धं खरं सांगून फसवणं याला म्हणतात.

‘की’ म्हणून त्याने पेनड्राइव्ह काढला. माझ्या लॅपटॉपचा नेट बंद केला, अँटिव्हायरस बंद केला, सेरातोची कुठलीतरी जुनी आवृत्ती टाकली आणि एक फाइल तिच्या फोल्डरमध्ये चिकटवली. वर ताकीद: “नेट चालू ठेवून उघडू नका, अपडेट मागितलं तर नाही म्हणा.” विकत घेतलेल्या कुठल्याही सॉफ्टवेअरला अशी अट नसते.

पुढे एका हळदीत डावीकडचे टॉप (वरचे स्पीकर) गप्प. केबल बदलल्या, अँप बदलला, चॅनल उलटसुलट केले. शेवटी मास्टरची आरसीए बाजू लावून कार्यक्रम पार पाडला, म्हणजे ज्या घरघरीपायी मशीन बदललं तीच परत. यजमान भला माणूस, पैसे कापले नाहीत. पण मुलीच्या हळदीत त्या माणसाला सारखं माझ्याकडे येऊन “काय झालं?” विचारावं लागलं, हे मी विसरणार नाही.

इस्लामपूरच्या एका ऑपरेटर मित्राने नंतर लॅपटॉप बघितला. त्याने विंडोज सिक्युरिटी उघडून तपासणीतून वगळलेल्या जागांची यादी दाखवली. तिथे आख्खा सी ड्राइव्ह टाकलेला होता! म्हणजे त्या दिवसापासून माझ्या लॅपटॉपवर कसलाही व्हायरस आला असता तरी राखणदार डोळे मिटून बसलेला. त्याच आठवड्यात माझ्या गूगल खात्यावर अनोळखी ठिकाणाहून लॉगिनचा इशारा आला होता, त्याचा अर्थ तेव्हा लागला. मित्राने विंडोज नव्याने टाकलं, दुसऱ्या मोबाइलवरून सगळे पासवर्ड बदलायला लावले, पायोनियरच्या साइटवरून एसएक्स2 चा ड्रायव्हर आणि सेरातोच्या साइटवरून ताजं सॉफ्टवेअर घेतलं. वायर जोडली. प्रो उघडलं. एक रुपया न भरता.

दुकानात गेलो तर एसबी3 विकला गेला होता. मशीनबद्दल उत्तर मिळालं, “तुमच्या अँपने उडवलं असेल.” बिल म्हणून माझ्याकडे जो कागद होता त्यावर ‘डीजे मशीन जुने, सॉफ्टवेअरसह’ एवढंच. सीरियल नंबर नाही, जीएसटी नंबर नाही.

आता जे मशीन घ्याल त्याचं सॉफ्टवेअर नेमकं कशाने खुलतं ते पैसे देण्याआधी काढा, कारण प्रत्येकाचं वेगळं आहे आणि फसवणारे याच गोंधळावर जगतात. सेरातोच्या बाबतीत एसएक्स2, एसआर2 अशी मशीनं प्रो स्वतःच खोलतात. एसबी मालिका आणि डीडीजे-एफएलएक्स4 लाइटवर येतात, प्रो विकत घ्यावं लागतं आणि विकत घेतलेला परवाना तुमच्या खात्याला लागतो, मशीनला नाही. म्हणून कुणी जुना एसबी3 ‘प्रोसकट’ विकत असेल तर ते प्रो त्याच्या खात्यात आहे, तुमच्या हातात फक्त मशीन येणार. पायोनियरच्या स्वतःच्या रेकॉर्डबॉक्स सॉफ्टवेअरने 2020 मध्ये आवृत्ती 6 आणली तेव्हापासून महिन्याचे प्लॅन आले, पण डीडीजे-400 किंवा एफएलएक्स4 जोडला की वाजवायचा भाग फुकट खुलतो. डीडीजे-400 च्या खोक्यात आधी कीचं कार्ड यायचं. ते वापरलेलं आहे म्हणून कुणी नव्या कीचे पैसे मागितले तर देऊ नका. व्हर्च्युअल डीजे घरी शिकायला फुकट आहे, पण परवाना नसेल तर कंट्रोलर दहा मिनिटं चालून थांबतो, आणि धंद्यासाठी प्रो परवाना लागतोच. आपल्याकडे निम्म्या लॅपटॉपवर त्याचंच क्रॅक (कुलूप तोडलेली चोरीची आवृत्ती) आहे, हे मला माहीत आहे. मी कुणाला शहाणपण शिकवत नाही. पण क्रॅक टाकताना अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि त्या लॅपटॉपवर तुमचं यूपीआय, बँक, ग्राहकांचे नंबर असतात.

तपासायला जाताना स्वतःचा लॅपटॉप न्या, त्यावर कंपनीचं सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर आधीच टाकलेला असू द्या, मोबाइलचा नेट चालू ठेवा. दोन एक्सएलआर केबल आणि एक हेडफोन पिशवीत टाका, पाहिजे तर वाजवायला छोटा स्पीकरही. मास्टरची डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी ऐका. आरसीए ऐका, बूथ ऐका, माइक लावून बोला. क्रॉसफेडर पूर्ण एका टोकाला नेऊन दुसऱ्या बाजूचं गाणं गळतंय का ते बघा. जॉगच्या वरच्या तबकडीवर नुसतं बोट टेकवा, गाणं थांबलं पाहिजे, आणि बोट उचललं की लगेच सुटलं पाहिजे. यूएसबीची वायर हलवून बघा. आपल्याकडची बरीच मशीनं तिथेच मरतात. एवढं करायला अर्धा तास लागतो. अर्धा तास द्यायला जो दुकानदार कुरकुरतो त्याच्याकडून उठा.

फार स्वस्तात मिळणाऱ्या फार जुन्या मशीनपासूनही लांब राहा. व्हेस्टॅक्स ही जपानी कंपनी 2014 च्या शेवटी दिवाळखोरीत गेली. तिचे कंट्रोलर हाताला अजून दणकट लागतात, पण नव्या विंडोज किंवा मॅकसाठी ड्रायव्हर बनवायला कुणी उरलेलं नाही. मॅक वापरणाऱ्यांनी 2019 ची कॅटालिना आठवावी, तिने 32-बिटची सगळी जुनी सॉफ्टवेअरं एका रात्रीत बंद केली.

जुनं मशीन अ‍ॅपवर टाकून विकत असाल तर ‘पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करा’ म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या. पैसे घेताना यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, फोन करा.

माझ्या बाबतीत ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे 1915 ला, तक्रार नोंदवल्यावर दुकानदाराचा फोन आला आणि सॉफ्टवेअरचे 9,000 परत मिळाले. मशीनच्या बिघाडाचं तो अजून मानत नाही, त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची कागदपत्रं जमवतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. पैसे यूपीआयने दिले होते आणि बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर झालं होतं, तेच आता कामाला येतंय. याच पेनड्राइव्हवाल्या ‘की’चे पैसे तुम्हीही भरले असतील तर तुमच्या पेमेंटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि 1915 ला स्वतःची तक्रार टाका. कराड, सातारा भागात कुणी जुना कंट्रोलर बघायला जाणार असेल आणि सोबत जाणकार नसेल, तर ऑर्डर नसलेल्या दिवशी मी यायला तयार आहे. केबल माझ्या आणतो, लॅपटॉप तुमचा आणा.