जागतिक बँक: नेमलेला संचालक की निवडलेला?

प्रकल्पाच्या कर्जाला हरकत घ्यायची, तर निवेदन बँकेच्या मंडळात मत देणाऱ्या कोणत्या संचालकाकडे द्यावे?

अमेरिकेचा संचालक नेमलेला असतो. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट मंजुरी देते. मत कसे द्यायचे हे अर्थखाते ठरवते. १९७७ च्या कायद्यानुसार, मानवी हक्कांचे घोर उल्लंघन करणाऱ्या सरकारच्या कर्जाला त्याने विरोध करायचा असतो. गरजूंच्या मूलभूत गरजांचे प्रकल्प तेवढे वगळून.

भारताच्या गटात, म्हणजे एकच सामाईक संचालक असलेल्या देशांत, बांगलादेश, भूतान, श्रीलंकाही आहेत. इथला संचालक दोन वर्षांसाठी निवडलेला. गटाची मते एकगठ्ठाच टाकावी लागतात, फोडता येत नाहीत. मतभेद झाला की लहान देशाची गोची होते, आणि हे अन्यायाचेच आहे.

कायद्यावर बोट ठेवता येत असेल, तर वॉशिंग्टनचे अर्थखाते गाठा. भूतानसारख्या देशाचा प्रश्न असेल, तर मतदानाआधीच गटाच्या संचालकाला भेटा.