ओपनडब्ल्यूआरटी आणि एसक्यूएम: आठ महिन्यांच्या वापरानंतर

१०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन, स्पीड टेस्टला ९४ दिसतात, आणि तरी घरातल्या कोणाच्या फोनवरून फोटो क्लाउडवर चढायला लागले की व्हिडिओ कॉलचा आवाज तुटतो. या दुखण्यावर एमटी७६२१ चिपच्या गिगाबिट राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी टाकायची मुक्त सिस्टिम) टाकून एसक्यूएम (लाइनपेक्षा थोडा कमी वेग बांधून रांग राउटरमध्येच आवरणारी सोय) चालवलं. वेग थोडा घटला, कॉल तुटणं थांबलं.

दोष वेगाचा नसून रांगेचा असतो. अपलोडची लाइन भरली की ओएनटी (फायबर जिथे येते तो कंपनीचा डबा) किंवा राउटर पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, वेळेवर टाकून न देता साठवत बसतो आणि कॉलचं चिमुकलं पॅकेट फोटोंच्या मागे ताटकळतं. याला बफरब्लोट म्हणतात. एका खिडकीत ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर) सतत पिंग लावा, म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजा, दुसरीकडे मोठी फाइल अपलोड करा. एरवी ५-१० मिलिसेकंद असलेला पिंग २०० च्या पुढे गेला तर एसक्यूएम कामाचं. लाइन मोकळी असतानाही अधूनमधून ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येत असेल तर एसक्यूएमच्या नादी लागू नका.

त्या दुसऱ्या प्रकारात आधी राउटरलाच, म्हणजे १९२.१६८.१.१ ला पिंग करा. वायफायवर गळती (पॅकेट हरवणं) आणि लॅन केबलवर स्वच्छ, तर दोष हवेतला: २.४ गिगाहर्ट्झवर रुंदी २० मेगाहर्ट्झ आणि चॅनल १, ६ किंवा ११, किंवा सरळ ५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८. केबलवरही राउटरपर्यंत स्वच्छ आणि बाहेर गळती, तर ओएनटीच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी बघा. नेहमीच्या जीपॉनमध्ये (घरगुती फायबरचा प्रकार) उणे २७ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं एकक) ही शेवटची हद्द. उणे २५ च्या खाली गेलं की तक्रार नोंदवावी. कपाटामागे करकचून वाकलेली फायबर किंवा हिरव्या कनेक्टरला जोडलेला निळा, हे नेहमीचे गुन्हेगार. आणि २०० च्या प्लॅनवर नेमके ९४च मिळत असतील तर केबलच्या आठांपैकी एखादी तार गेलेली असते, किंवा मध्ये कुठेतरी १०० एमबीपीएसचं पोर्ट असतं.

एसक्यूएमची मांडणी अशी. ‘लुसी-ॲप-एसक्यूएम’ पॅकेज टाका. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडणारी लाइन) असेल तर इंटरफेस ‘पीपीपीओई-वॅन’ निवडा, क्यू ‘केक’ (रांग लावायची पद्धत), स्क्रिप्ट ‘पीस ऑफ केक’, ओव्हरहेड (प्रत्येक पॅकेटमागे धरायचे जादा बाइट) ४४. वेग किलोबिटमध्ये लिहायचा, आणि प्लॅनच्या जाहिरातीतला आकडा न घेता मोजलेल्या वेगाच्या ९० टक्के: ९४ मिळत असतील तर ८५०००. पिंग अजून फुगत असेल तर ५-५ टक्के कमी करत जा, आधी अपलोडचा. फ्लो ऑफलोडिंग (वेगासाठी पॅकेट आडवाटेने पुढे काढणारी सेटिंग) बंद ठेवा. चालू राहिलं तर पॅकेट रांगेला वळसा घालून निघून जातात आणि सगळी मेहनत पाण्यात. ‘केक’ चालत नाही म्हणतात तो प्रकार बहुतेकदा हाच निघतो.

उणिवाही आहेत. सगळी आकडेमोड प्रोसेसरवर पडते, त्यामुळे ३०० च्या प्लॅनला ही चिप दमते. तिथे एआरएम जातीच्या, जास्त ताकदीच्या प्रोसेसरचा राउटर घ्यावा. रात्री ९ ते ११ मध्ये लाइनच ६० वर आली तर ८५ ची मर्यादा निरुपयोगी, कारण रांग पुन्हा कंपनीच्या बाजूला सरकते. डाउनलोड कायमचा ५५ वर बांधणं हा एक उपाय, पण मग दिवसभर कमी वेगावर भागवायचं. मला तो सौदा पटला नाही, म्हणून रात्रीपुरता क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय) आकडा बदलतो.

फर्मवेअर टाकण्याआधी राउटरच्या पोटावरचं व्हर्जन नीट वाचा. एकाच नावाच्या मॉडेलच्या व्ही२ आणि व्ही३ मध्ये चिप वेगळी असू शकते, आणि चुकीची फाइल चढवली की राउटरची वीट होते, म्हणजे तो चालूच होत नाही. नंतर साध्या ‘सिसअपग्रेड’ने (ओपनडब्ल्यूआरटीचं अपडेट) सेटिंग राहतात, पण वरून टाकलेली पॅकेजं जातात. अपडेटनंतर कॉल पुन्हा अडखळायला लागले तर एसक्यूएम जागेवर आहे का, ते आधी पाहा.