नव्या म्हणून विकलेल्या स्प्रिंगा जुन्याच निघाल्या, एमजीबीवाल्यांनो जरा थांबा

इंग्लंडात येऊन जरा स्थिरस्थावर झालं की आपल्यातल्या काही जणांना जुन्या गाडीचा किडा चावतो आणि बहुतेकांची सुरुवात एमजीबी ह्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारनेच होते. कारण सरळ आहे, गाडी परवडते, पार्ट सगळे मिळतात. ऑक्सफर्डजवळ अ‍ॅबिंग्डनला १९६२ पासून १९८० पर्यंत ही गाडी बनत होती, जीटी (बंद टपाची) वगैरे धरून पाच लाखांच्या वर निघाल्या. आणि पार्ट सगळे मिळतात म्हणूनच त्यात भामटे पण भरपूर मिळतात, तेच सांगायला बसलोय.

माझी रोडस्टर (उघड्या टपाची) १९७१ ची, क्रोम बंपरवाली. उजवीकडे कलली होती. ह्यात नवल काही नाही, इथे ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि असल्या गाड्या बहुतेक वेळ एकटा माणूसच चालवतो, मग पन्नास वर्षांत ती बाजू दबणारच. म्हटलं चारही बाजूच्या स्प्रिंगा एकदम बदलून टाकू. पुढे दोन कॉइल स्प्रिंग आणि मागे कमानपाटे, म्हणजे आपल्याकडे जीपला असतात तसेच फक्त बारके.

मिडलँड्समधला एक स्पेशालिस्ट सापडला, नाव लिहीत नाही कारण प्रकरण अजून पूर्ण मिटलेलं नाही. गोड बोलणारा, भिंतीवर जुन्या रेसचे फोटो, चहा वगैरे पाजला. म्हणाला माझ्याकडे अपरेटेड (मूळपेक्षा कडक स्प्रिंगांचा) स्पोर्ट्स सेट आहे, एकदम नवीन, इंग्लिश स्टील, गाडी एक इंच खाली बसेल आणि वळणावर झुकणार नाही, सगळ्या एमजीबीला चालतो. सेटचे ३८० पौंड आणि फिटिंगचे ४५०, त्यात नवीन बुश (सांध्यातली रबरं) आणि पाटे आवळणारे यू-बोल्ट आले. कार्डने दिलेत तर तीन टक्के जास्त लागतील म्हणाला. आता हे ऐका, जानेवारी २०१८ पासून ह्या देशात दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या कार्डावर असा जादा आकार घेताच येत नाही, सरळ बेकायदा आहे. तरी मी १५० पौंड डिपॉझिट क्रेडिट कार्डानेच दिलं (ते पुढे फार कामी आलं), बाकीचे त्याने बँकेतून घेतले.

ह्या सगळ्या गप्पांत त्याने मला गाडीचं साल विचारलं नाही, रोडस्टर आहे का जीटी ते विचारलं नाही, बंपर कुठला तेही नाही. सगळ्या एमजीबीला चालणारी स्प्रिंग ही गोष्टच मुळात अस्तित्वात नाहीये. जीटीला वर टपाचं आणि मागच्या काचेचं वजन असतं म्हणून तिच्या स्प्रिंगा कडक. रोडस्टरची पुढची मूळ स्प्रिंग मोकळी असताना ९.९ इंच लांब आणि रेट ३४८ पौंडांचा, म्हणजे एक इंच दाबायला साधारण १५८ किलो लागतात. जीटीची लांबीला कमी, ९.१ इंच, पण रेट ४८० पौंड. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे ह्यावरूनच तो मला उल्लू बनवायला बघत होता.

मागच्या पाट्यांची भानगड वेगळी. अमेरिकेत बंपर किती उंचीवर हवा ह्याचे नियम आले म्हणून १९७४ च्या शेवटापासून एमजीने काळे रबर बंपर लावले आणि अख्खी गाडी दीड इंच उचलली. पुढे ती उंची क्रॉसमेंबर (पुढचं सस्पेन्शन धरणारा आडवा बार) बदलून दिली आणि मागे पाट्यांना कमान जास्त देऊन. त्यामुळे रबर बंपरचे पाटे माझ्यासारख्या क्रोमवाल्या गाडीला लावले की फक्त ढुंगण वर जातं, पुढचं जिथल्या तिथे.

आणि नेमकं तेच झालं. गाडी घ्यायला गेलो तर मागून दोन इंचांच्या वर चढलेली आणि नाक खाली, हेडलाइट रस्ता चाटतायत. एक इंच खाली बसणार होती ना रे बाबा? तर म्हणे नवीन पाटे आहेत, ५०० मैल चालव, बसतील. आता नवीन पाटे थोडे बसतात हे खरं आहे, म्हणून तर हे वाक्य खपतं. पण खरी मेख पुढे आहे. असली गाडी आपण चालवतो रविवारी, ते पण ऊन असेल तर. ५०० मैल व्हायला निवांत दोन-तीन महिने जातात. आणि इथल्या कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्ट २०१५ प्रमाणे खराब माल सरळ परत करून पूर्ण पैसे मागायची मुदत ३० दिवसांची असते. तुम्ही मैल मोजत बसता आणि तो दिवस मोजत बसतो. त्यानंतरही हक्क संपत नाही म्हणा, सहा महिन्यांपर्यंत दोष आधीपासून नव्हता हे दुकानदारालाच सिद्ध करावं लागतं, पण मग त्याला आधी दुरुस्तीची किंवा बदलून द्यायची संधी द्यावी लागते आणि त्या माणसाच्या हातात पुन्हा गाडी कोण देणार!

मी ५०० मैलांची वाट बघितलीच नाही कारण पुढून प्रत्येक खड्ड्यात धाडकन आवाज यायचा, सस्पेन्शन बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी ठोकळ्यावर) आपटत होतं. गाडी सपाट जागी लावून टेप काढली. मोजायचं चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत, जमिनीपासून नाही, नाहीतर टायरच्या हवेने आकडा बदलतो. पुढे डावी-उजवीत फरक, नवीन स्प्रिंगा असून. खाली वाकून बघितलं तर मागच्या अ‍ॅक्सलचे रिबाउंड स्ट्रॅप (अ‍ॅक्सल फार खाली जाऊ न देणारे रबरी पट्टे), जे गाडी उभी असताना सैल लोंबकळायला पाहिजेत, ते तारेसारखे ताणलेले. म्हणजे पाटे वर ढकलतायत आणि रबरी पट्टे खाली धरून ठेवतायत, ह्यात पाटे बसणार कुठून?

मग ओळखीच्या एका रिटायर्ड इंग्लिश आजोबांबरोबर त्यांच्या शेडमध्ये पुढचं उघडलं. ज्यांना स्वतः करायचंय त्यांनी हे नीट वाचा. बसवलेल्या स्थितीत त्या एका स्प्रिंगवर साडेचारशे किलोच्या आसपास जोर असतो, सुटली तर हात-तोंड काही शिल्लक ठेवणार नाही. बाजारातले साधे बाहेरून लावायचे कॉम्प्रेसर इथे धड बसत नाहीत. गाडी स्टँडवर घेऊन, पॅनखाली (स्प्रिंग ज्या वाटीत बसते तिच्याखाली) जॅक लावून, पॅनच्या बोल्टांपैकी समोरासमोरचे दोन काढून तिथे लांब आट्यांचे हाय टेन्साइल रॉड घालायचे, मग बाकीचे काढून रॉडवरचे नट थोडे थोडे आलटून पालटून सैल करत पॅन खाली आणायचा. स्प्रिंगचा जोर पूर्ण संपेपर्यंत समोर तोंड न्यायचं नाही.

स्प्रिंग हातात आली आणि आजोबा हसायलाच लागले. वर चकचकीत काळा पावडर कोट आणि त्याच्याखाली गंजाचे खड्डे, बोटाला लागत होते. एक टोक कारखान्यातून येतं तसं सपाट घासलेलं आणि दुसरं टोक ग्राइंडरने उडवलेलं, कापल्याच्या खुणा रंगाखाली दिसत होत्या. एक भरली ९.१ इंच आणि दुसरी ८.९. फोन लावला तर महाराज म्हणतात ९.१ म्हणजे जीटीची लांबी, मॅन्युअल बघ, तुला मी कडक जीटी स्प्रिंग दिली आहे. बघा हं कसा शहाणा, लांबी बरोब्बर तिथे येईल अशीच कापलेली.

पण लांबी खोटं बोलली तरी तार खोटं बोलत नाही. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर जातो, तार नुसती दहा टक्के जाड केली तर स्प्रिंग ४६ टक्के कडक होते. व्हर्निअर लावला तर तार माझ्या जुन्या रोडस्टर स्प्रिंगएवढीच, काडीचा फरक नाही. वेटोळं कापलं की उरलेली कमी वेटोळी थोडी कडक होतात, एवढंच त्याचं अपरेटेड. कामावरच्या प्रेसवर गेज लावून दाबून बघितली, ४०० च्या आसपास रेट आला. ना ३४८ ना ४८०, कुठल्याच एमजीबीची नाही ही.

पाट्यांचे फोटो कोल्हापूरला मामाला पाठवले, त्याचं आयुष्य उद्यमनगरात पाटे ठोकण्यात गेलंय, त्याने एमजीबी जन्मात बघितलेली नाही. जुन्या-नव्याचा शेजारी शेजारी ठेवलेला फोटो बघून म्हणाला, "आरं भाच्या, ह्याला कमान लई हाय, ह्यो तुझ्या गाडीचा न्हवंच. आणि रंग खरवडून बघ की जरा." रंग खरवडला तर पट्ट्यांच्या मध्ये जुना गंज तसाच. बिलात नवीन लिहिलेले विशबोनचे (पुढचं चाक धरणाऱ्या आडव्या दांड्याचे) बुश पण जुनेच, चिरलेले, आणि यू-बोल्टांना नुसता काळा रंग फासलेला. हे सगळं एकवेळ पैशांचं झालं, पण किंगपिनच्या (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खुंटाच्या) खालच्या बोल्टच्या कॅसल नटला, नट फिरू नये म्हणून घालतात ती स्प्लिट पिनच घातलेली नव्हती! तो नट सुटला तर चाक सांभाळणारं तिथे दुसरं काही नाही. इथे ४० वर्षांवरच्या गाड्यांना २०१८ पासून एमओटी (दरवर्षीची सक्तीची तपासणी) माफ आहे, म्हणजे कोणी तपासणारही नाही, मोटरवेवरच कळलं असतं.

महिना व्हायच्या आत फोटोंसकट मेल टाकला, माल परत घे. तो म्हणे चालवलीस म्हणजे वापरलीस. मग क्रेडिट कार्ड कंपनीकडे गेलो. कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्ट १९७४ चं सेक्शन ७५ म्हणून आहे, वस्तूची किंमत १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पर्यंत असेल तर कार्ड कंपनी दुकानदाराइतकीच जबाबदार, आणि तुम्ही कार्डाने नुसतं डिपॉझिट भरलेलं असलं तरी सगळ्या रकमेसाठी. डेबिट कार्डाला आणि बँक ट्रान्सफरला हे लागू नाही, तीन टक्क्यांचं नाटक कशासाठी होतं ते कळलं असेलच. त्यांनी दुसऱ्या गॅरेजचा लेखी रिपोर्ट मागितला, तो दिल्यावर सेटचे ३८० पूर्ण आले. फिटिंगच्या ४५० वर अजून पत्रापत्री चालू आहे.

आत्ता गाडीवर साध्या मूळ रेटच्या स्प्रिंगा आहेत, दुसऱ्या दुकानातून. त्या बाईंनी पैशांचं बोलायच्या आधी चेसिस नंबर मागितला, जीएचएन५ सांगितल्यावर म्हणाल्या एन म्हणजे रोडस्टर हे कळलं पण ५ तर शेवटपर्यंत चाललाय, बंपर क्रोम की रबर? बसवताना शॅकलचे (पाट्याचं टोक ज्यावर झुलतं त्या दुव्याचे) आणि बुशचे नट शेवटचे आवळले ते गाडी चाकांवर उभी करून, हवेत आवळले तर रबर पिळलेलंच राहतं आणि उंची पण चुकते. गाडी आता सरळ उभी राहते, खडखडत नाही, आणि मला तर ती खाली बसवायची हौसच उरली नाहीये.

कापलेल्या दोन्ही स्प्रिंगा त्याला परत द्याव्या लागल्या आणि तो त्या भंगारात टाकेल असं मला वाटत नाही. सपाट बाजूच्या अगदी टोकाला मी सेंटर पंचने तीन ठिपके मारून ठेवलेत. रंग दिला तरी नखाला लागतील.