बोलणारी फ्लॅशकार्डं: उशिरा बोलणाऱ्या मुलासाठी घ्यावीत का?

क्रॉफर्ड मार्केटच्या खेळण्यांच्या गल्ल्यांत, उपनगरांतल्या स्टेशनबाहेरच्या दुकानांत आणि ऑनलाइन, हे यंत्र आता सगळीकडे मिळतं. हातात मावेल असं प्लास्टिकचं खोकं, वर एक फट आणि सोबत दोन्ही बाजूंनी छापलेल्या कार्डांचा गठ्ठा. बहुतेक संचांत 112 कार्डं आणि 224 शब्द असतात. कार्ड फटीत सरकवलं की यंत्र शब्द उच्चारतं, प्राणी असेल तर त्याचा आवाजही काढतं. किंमत साधारण 300 ते 600 रुपये. अनेक खोक्यांवर ‘स्पीच थेरपी टॉय’ असं ठळक छापलेलं असतं, आणि मूल दोन वर्षांचं होऊनही बोलत नाही म्हणून काळजीत असलेले आईबाबा तेच वाचून ते उचलतात. म्हणून परीक्षण मुख्यतः या दाव्याचं.

वस्तू म्हणून ती ठीकठाक आहे. चार्जिंगची वायर मिळते, अडॅप्टर बहुधा मिळत नाही. कार्डाची खालची कड मळली, वाकली किंवा मुलाने चावून ओली केली की यंत्र ते कार्ड ओळखत नाही. तीन वर्षांखालचं मूल पुठ्ठा तोंडात घालणारच, त्यामुळे सगळा गठ्ठा त्याच्या हाती देऊ नका. खोक्यावर आयएसआय चिन्ह पाहूनच घ्या. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना ते बंधनकारक आहे, तरी रस्त्यावरच्या बऱ्याच मालावर ते दिसत नाही.

आता शब्दांकडे वळू. जवळजवळ सगळी नामं: प्राणी, फळं, वाहनं, रंग, आकार. लहान मूल सुरुवातीला ज्या शब्दांवर दिवस काढतं ते ‘दे’, ‘नको’, ‘ये’, ‘गेला’, ‘संपलं’, ‘अजून’ या कार्डांत नसतातच. दोन शब्द जोडायचे तर बहुतेकदा क्रियापद लागतं. ‘बाबा गेला’ म्हणता येतं, ‘जिराफ त्रिकोण’ म्हणून काही साधत नाही. शिवाय आवाज इंग्रजी. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला चेरी आणि पेंग्विन इंग्रजीत येतात, पण चप्पल, भात, कावळा यांना हाक मारता येत नाही. नर्सरीच्या प्रवेशाच्या धास्तीने घरातली भाषाच इंग्रजी करून टाकणाऱ्यांना एवढंच सांगायचं: दोन भाषा कानावर पडल्याने बोलणं लांबत नाही. तुम्हाला जी भाषा सहज येते तिच्यातच मुलाशी भरपूर बोला.

सर्वांत मोठी उणीव मात्र वेगळी आहे. यंत्र बोलू लागलं की मोठी माणसं गप्प होतात. अमेरिकेत संशोधक अ‍ॅना सोसा यांनी 10 ते 16 महिन्यांच्या 26 बाळांवर केलेल्या अभ्यासात पालक इलेक्ट्रॉनिक खेळण्यांसोबत मिनिटाला सुमारे 40 शब्द बोलले, साध्या खेळण्यांसोबत 56 आणि पुस्तकासोबत 67. मुलाने काही आवाज काढला, आपण उत्तर दिलं, मग पुन्हा त्याची पाळी, या देवाणघेवाणीतच भाषा घडते. खोकं मुलाच्या तोंडाकडे पाहत नाही, वाटही पाहत नाही.

यातून एक फसवं चित्र तयार होतं, आणि ते पालकांनी नीट ओळखायला हवं. मूल शंभर कार्डांची नावं धडाधड म्हणतं, पण तहान लागली तर ‘पाणी’ म्हणत नाही. हात धरून फ्रीजपाशी ओढत नेतं. हाक मारली तर वळत नाही, बोटाने काही दाखवत नाही. घरचे मात्र पाठांतरावर खूश असतात. तिथे आणखी कार्डं आणू नयेत, तपासणी करावी. तसंच, मूल खोकं सारखं कानाला लावत असेल किंवा आवाज कायम पूर्ण वाढवत असेल, तर त्याच्या ऐकण्याबद्दल शंका घ्या. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं की ऐकू येणं कमीजास्त होत राहतं. कुकरच्या शिट्टीला दचकतं म्हणजे नीट ऐकू येतं, असा निष्कर्ष काढता येत नाही.

आधीच घेतलं असेल तर फेकू नका. यंत्र बंद करून कपाटात ठेवा आणि कार्डं वापरा. गठ्ठ्यातून मुलाने रोज पाहिलेल्या आठ-दहा वस्तूच निवडा: केळं, बस, चेंडू, मांजर. कार्डाशेजारी खरी वस्तू ठेवा. ‘हे काय आहे? सांग ना!’ अशी परीक्षा घेऊ नका. त्याने गोंधळलेलं मूल आणखी मिटतं. समोरासमोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा, ‘बस आली’ म्हणा आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबा. हे थांबणं पालकांना फार जड जातं, पण तीच मुलाची पाळी असते. त्याने नुसतं ‘ब’ म्हटलं तरी ते उत्तर समजा आणि एक शब्द वाढवून परत द्या: ‘लाल बस!’ चुकीचा उच्चार पुन्हा पुन्हा म्हणायला लावू नका. दोन कार्डं दाखवून ‘केळं हवं की बिस्किट?’ विचारा आणि बोट दाखवताच ती वस्तू हातात द्या. पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, पुरे.

याहून चांगला संच घरीच होतो. मुलाची चप्पल, आजी, त्याचा पेला, खिडकीतला कावळा यांचे मोबाईलवर फोटो काढा, 4 बाय 6 इंचांत छापून लॅमिनेट करा, कोपरे गोल कापा. त्यात झोपणं, धुणं, पडणं अशा क्रियांचे फोटो जरूर घाला.

आणि यांपैकी काही दिसलं तर खेळण्याच्या दुकानात वेळ घालवू नका: वर्षाचं होऊनही बडबड किंवा बोट दाखवणं नाही, 16 महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही, किंवा आलेले शब्द कोणत्याही वयात गेले. ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून थांबू नका. ‘जीभ चिकटली आहे’ हेही उशिरा बोलण्याचं कारण क्वचितच असतं. याउलट अडीच वर्षांच्या मुलाने ‘काका’ला ‘ताता’ किंवा ‘रिक्षा’ला ‘लिक्षा’ म्हटलं तर घाबरायचं कारण नाही. ‘र’ उशिरा येणाऱ्या ध्वनींपैकी आहे.

पहिली पायरी श्रवण तपासणी. लहान बाळांत ओएई (आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी) आणि बेरा (आवाज कानापासून मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहणारी) या चाचण्या होतात. बेरासाठी मूल झोपलेलं लागतं, म्हणून त्या सकाळी त्याला लवकर उठवा आणि गाडीत डुलकी घेऊ देऊ नका. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था 1983 पासून हेच काम करते आहे, आणि मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयातही वाचा-श्रवण विभाग आहे. खासगी थेरपिस्टकडे जाणार असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. सत्रात तुम्हाला आत बसू देतात का आणि घरी काय करायचं ते दाखवतात का, हेही फी भरण्याआधी विचारून घ्या.